कोलॅजन क्रीमने सुरकुत्या जातात का?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या हळदीकुंकवापासून नातेवाइकांच्या ग्रुपपर्यंत एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते: कोलॅजनची क्रीम लावा, सात दिवसांत सुरकुत्या गायब.

कोलॅजन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन. त्याचा रेणू सुमारे 3,00,000 डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक); त्वचेतून साधारण 500 डाल्टनपर्यंतचेच रेणू सहज आत शिरतात. त्यामुळे ते वरच राहतं. तरी चेहरा तुकतुकीत दिसतो, हे खरंच आहे. ओलावा मिळाला की कोरडेपणाच्या बारीक रेषा तात्पुरत्या भरून येतात, म्हणून विश्वास बसणं स्वाभाविक. पडताळायचं तर क्रीम काही दिवस बंद ठेवा आणि आधी-नंतरचे फोटो त्याच खिडकीशी, त्याच वेळी काढा.

मग सगळंच फोल? नाही. ट्रेटिनॉइन या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातल्या, त्वचेवर लावायच्या औषधाने बारीक सुरकुत्या कमी होतात, पण काही महिने लागतात, सुरुवातीला त्वचा सोलवटते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं, गरोदरपणात टाळावं. त्याच गटातलं रेटिनॉल त्याहून सौम्य. खोल घड्या मात्र कुठलीच क्रीम मिटवत नाही.

मला जास्त काळजी उन्हाची वाटते. सुरकुत्यांमागे वयाबरोबर ऊनही असतं, आणि त्यातले यूव्हीए (एक प्रकारचे अतिनील) किरण काचेतूनही येतात. मे महिन्यात तोंडाला ओढणी बांधून स्कूटरवर निघणाऱ्या आपल्या मुली योग्यच करतात. जोडीला एसपीएफ 30 चं सनस्क्रीन हवं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायला हवं.