संमती (मोबाइल ॲपमधील)

आपली वैयक्तिक माहिती एखाद्या ॲपने ठरावीक कामापुरती वापरावी, याला वापरकर्त्याने समजून-उमजून दिलेला आणि हवा तेव्हा मागे घेता येणारा होकार. ‘अलाऊ’वर अंगठा टेकला की संमती झाली, असा सर्रास समज आहे. कायदा तसे मानत नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. पुढे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या कलम 6 नुसार संमती मुक्त, विशिष्ट, बिनशर्त, निःसंदिग्ध आणि पुरेशा माहितीनिशी दिलेली हवी. कायद्यात दिलेले उदाहरण बोलके आहे: डॉक्टरी सल्ल्याचे ॲप उपचारासाठी माहिती मागते आणि सोबत कॉन्टॅक्ट लिस्टही. रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी कॉन्टॅक्ट लिस्टपुरता तो धरला जात नाही, कारण सल्ला द्यायला तिची गरजच नसते. याच न्यायाने पणजीहून म्हापशाला जायला टॅक्सी बोलावताना लोकेशन लागते. घरी पोचल्यावर ते कशाला?

कॉन्टॅक्ट लिस्टची गोष्ट आणखी अवघड आहे. 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे गोव्यात घर किंवा भाट (नारळाची बाग) विकायचे तर नवरा-बायको दोघांचीही संमती लागते. फोनमध्ये मात्र एकाच्या अंगठ्याने मावशी, शेजारी, पदेर (पाववाला) अशा सगळ्यांचे नंबर जातात, आणि त्यांना कोणी विचारत नाही. कर्ज देणाऱ्या ॲपनी कॉन्टॅक्ट लिस्ट व कॉल लॉगला हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावले, ते उगाच नव्हे.

संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. त्या यादीत कोकणी आणि मराठी दोन्ही आहेत. म्हणजे पेडण्यातल्या वापरकर्त्याला ती मराठीत मागता येईल. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून संमतीच्या तरतुदी लागू होण्यासाठी तिथून 18 महिन्यांची मुदत आहे.

संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे कायदा म्हणतो. सध्या देण्याला एक टिचकी पुरते. मागे घ्यायला सेटिंग्ज धुंडाळाव्या लागतात. ॲप नुसते काढून टाकल्याने ते फोनमधून जाते, कंपनीच्या सर्व्हरवरची माहिती आपोआप पुसली जात नाही.