आपत्तीतून सावरण्याची क्षमता

संकटाचा तडाखा सोसून माणसे आणि वस्त्या पुन्हा उभ्या राहतात ती ताकद. परिसंस्थांच्या अभ्यासात सी. एस. हॉलिंग यांच्या १९७३ मधील लेखाने ही कल्पना रुजवली. पुढे ती आपत्ती व्यवस्थापनात आली. मराठीत तिला ‘लवचिकता’ म्हणतात, पण हा शब्द तोकडा पडतो. वाकवलेली काठी होती तशी सरळ होते. पुरात गेलेली वस्ती होती तशीच बांधली तर पुढच्या पुरात पुन्हा बुडते.

बचत, विमा, पक्की घरे यांचा वाटा उघड आहे. शेजाराचा वाटा मात्र हिशेबात धरला जात नाही. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमध्ये कोबे परिसरात भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. केंद्राजवळच्या आवाजी बेटावर, होकुदान गावात, कोणत्या घरात कोण कुठल्या खोलीत निजते हे गावच्या अग्निशमन स्वयंसेवकांना ठाऊक होते. त्यामुळे नेमके कुठे उकरायचे हे त्यांना शोधावे लागले नाही.

आठवणही अशीच कामी येते. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीनंतर ‘स्मोंग’ हा शब्द गाण्यांतून, आजीआजोबांच्या गोष्टींतून टिकला: जमीन हादरली आणि समुद्र मागे सरला की डोंगर गाठायचा. २६ डिसेंबर २००४ ला बेट भूकंपाच्या केंद्राला लागून असूनही तिथले मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

अर्थात, ‘लोक चिवट आहेत, सावरतील’ असे म्हणून शासनाने अंग काढून घेण्याचा धोकाही या कल्पनेत आहे, आणि टीकाकारांचा हा आक्षेप रास्त आहे.

बांगलादेशात लोक आणि शासन या दोन्ही बाजू जुळल्या. १९७० च्या चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. २००७ च्या ‘सिद्र’ चक्रीवादळात हा आकडा सुमारे ३,४०० होता. मधल्या काळात निवारे बांधले गेले आणि १९७२ पासून गावोगावी स्वयंसेवक उभे राहिले. धोका वाढेल तसे ते एकाचे दोन, दोनाचे तीन झेंडे चढवतात आणि भोंग्यावरून हाका देत फिरतात. तरीही माणसे घर सोडायला तयार नसत. पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात जायला बायका कचरत. आता स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. दुसरी अडचण गोठ्यातल्या गाईची. तिच्यासाठी मातीचे उंच भराव घातले गेले, त्यांना तिथे ‘किल्ला’ म्हणतात.