मूठ आपोआप का आवळते?

सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने ग्राहकांना बजावलं, की जास्त ताकदीच्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या हँडलला आयफोन लावू नका, कंपनांमुळे कॅमेऱ्यातली भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. फोनची काळजी सगळ्यांनाच वाटली. त्याच हँडलवर तासन्‌तास असलेल्या दोन हातांना मुंग्या आल्या, तर मात्र आपलं निदान ठरलेलं: ‘सवय नाही, दुसरं काय!’

सवय असलेल्यांचेही हात भरून येतात. कारण हँडल किती घट्ट धरायचं, हे सर्वस्वी आपण ठरवत नाही. त्यात इंजिनही लुडबुड करतं.

एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला पिस्टन एकदा वर-खाली होतो आणि गाडीला एक हिसका बसतो. ४५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४५०० फेऱ्या असताना, सेकंदाला असे ७५ हिसके, म्हणजे ७५ हर्ट्झ. शिवाय त्याच्या दुप्पट वारंवारतेचं एक बारीक कंपनही असतं. मुख्य हिसका कमी करायला बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे उलट दिशेने वजन फिरवणारा दांडा, असतो. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३५० बुलेटला तो नव्हता, २०२० च्या मीटिअर ३५० ला आला. तरी कंपन पूर्ण जात नाही.

आता खरी गंमत. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो प्रयोग आठवा. स्नायूंच्या आत स्पिंडल नावाचे अगदी छोटे संवेदक असतात. स्नायू अचानक ताणला गेला की ते मज्जारज्जूला कळवतात आणि तिथूनच, मेंदूला न विचारता, ‘आखड’ असा हुकूम सुटतो. हातोडीने हे एकदाच घडतं. कंपनाने ते सेकंदाला ७५ वेळा घडतं, कारण प्रत्येक हिसक्याला कोपराखालचे, बोटं मिटणारे स्नायू मायक्रोमीटरच्या मापात ताणले जातात. स्पिंडलमधले जाड, वेगवान चेतातंतू साधारण १०० हर्ट्झपर्यंत प्रत्येक हिसक्याला एकेक संदेश पाठवू शकतात. हे संदेश साचत जातात आणि काही सेकंदांत स्नायू हळूहळू आवळत जातो. स्वीडनमधल्या एकलुंड आणि हागबार्थ या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये याचं वर्णन केलं. याला टॉनिक व्हायब्रेशन रिफ्लेक्स म्हणतात.

पुढे मामला आणखी बिघडतो. मूठ जितकी घट्ट, तितकं कंपन हातात जास्त शिरतं. त्यात त्वचेतले कंपन टिपणारे संवेदक थोड्या वेळाने बधिर होतात, पकड सैल झाल्यासारखी वाटते आणि आपण अजून आवळतो. रोज वर्षानुवर्षं हे चाललं तर रक्तवाहिन्याही दगावतात. हवेच्या दाबाच्या हातोड्यांनी दगड घडवणाऱ्या, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कामगारांची बोटं पांढरी पडत असल्याचं डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच नोंदवलं होतं.

सुदैवाने हा रिफ्लेक्स मनावर घेतलं तर बराचसा दाबता येतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून मुद्दाम मूठ सैल करा, पाणीपुरी फुटणार नाही इतपत. अंगाचा भार तळव्यांवर टाकू नका. मांड्यांनी टाकी धरली की हात मोकळे होतात. ठरावीक आरपीएमलाच हँडल झणझणत असेल तर गिअर बदलून तो टप्पा टाळा.

मुंग्या कुठे येतात तेही पाहा. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात येत असतील तर मनगट वाकलेलं असणार. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ स्नायुबंध आणि एक चेता (नर्व्ह) दाटीवाटीने जातात. मनगट सरळ असताना निरोगी माणसात तिथला दाब २-३ मिलिमीटर पारा असतो, पूर्ण मागे वाकवलं की तो ३० च्या आसपास जातो. म्हणून ॲक्सिलरेटर धरतानाच मनगट किंचित उंच ठेवा, म्हणजे रेस दिल्यावर ते सरळ येतं. लिव्हर वर तोंड करून बसवलेले असतील तर मेकॅनिककडून क्लॅम्प सैल करून खाली फिरवून घ्या. बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ दिसली पाहिजे. करंगळीकडे मुंग्या येत असतील तर तळव्याच्या टाचेवर भार पडतोय. आणि डावाच हात दुखत असेल तर आधी क्लचची केबल बघा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कोरडी केबल हाताचा अक्षरशः जीव काढते.

‘कंपनरोधक’ ग्लोव्हजवर फार भरवसा नको. असे ग्लोव्हज साधारण १५० हर्ट्झच्या वर कामाला येतात, आपला मुख्य हिसका त्याच्या खालचा. तांब्याचं कडं आणि चुंबकाचा पट्टा तर विसराच. यॉर्क विद्यापीठाच्या २०१३ च्या चाचणीत संधिवाताच्या रुग्णांना त्यांचा प्लासिबोपलीकडे, म्हणजे नुसत्या दिखाऊ उपायापलीकडे, काही फायदा दिसला नाही. रक्तात लोह असतं म्हणून चुंबक रक्त ओढतं, असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही, एवढं तरी सांगा.

रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हात झटकावा लागत असेल, तर मात्र डॉक्टर गाठा. ते चेतांची तपासणी सुचवतील. मधुमेह आणि थायरॉइडमुळेही मनगटातली ही चेता दबते, तेव्हा हँडल बदलण्याआधी रक्त तपासून घ्या.