क्षयरोग आणि डोळा : निदान व उपचार

क्षयरोग (टीबी) हा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जंतूमुळे होणारा संसर्गजन्य रोग. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला की तुषारांबरोबर जंतू हवेत येतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना हा रोग झाला आणि साडेबारा लाख दगावले. केस आणि नखे सोडली तर शरीरातला कुठलाच भाग त्याला वर्ज्य नाही, असे म्हणतात. डोळाही त्यातून सुटलेला नाही.

फुप्फुसाचा रोग बाहेरून दिसत नाही, पण बेडक्यात जंतू सापडतो आणि निदान पक्के होते. डोळ्यात नेमके उलटे घडते. बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंतचा मार्ग पारदर्शक असल्याने आतली क्षयाची गाठ नेत्रतज्ज्ञाला समोर दिसते, मात्र त्या गाठीतला जंतू क्वचितच हाती लागतो. या विषयातले बहुतेक वाद या एका पेचातून आलेले आहेत.

जंतू आणि त्याचा शोध

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या जंतूचा शोध जाहीर केला. जंतूचा स्वभाव संथ. आतड्यातला ई. कोलाय वीसएक मिनिटांत दुप्पट होतो, याला १५ ते २० तास लागतात. तपासणीत जाणारे आठवडे आणि औषधात जाणारे महिने ही दोन्ही या संथपणाचीच अपत्ये. त्याच्याभोवती मेणचट आवरण असते. त्यामुळे एकदा चढवलेला लाल रंग आम्लाने धुतला तरी उतरत नाही, आणि झील-नील्सन रंजनपद्धत त्याच्या याच खोडीवर उभी आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये ते किमान ५,००० ते १०,००० असावे लागतात. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याला, त्याहून फार थोडे पुरतात, पण घन माध्यमावर वाढ दिसायला तीन ते आठ आठवडे थांबावे लागते. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेल्या जीन एक्सपर्ट तपासणीने हे चित्र पालटले. जंतूचा डीएनए आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरील मुख्य औषधाला दाद न देण्याची खूण, दोन्ही दोनेक तासांत कळू लागले. या यंत्राला जिवंत आणि मेलेला जंतू यांतला फरक मात्र कळत नाही. म्हणून औषध लागू पडते आहे की नाही हे पाहायला ते वापरत नाहीत, तिथे जुनी थुंकीतपासणी आणि कल्चरच कामाला येतात.

मॅन्टू चाचणी आणि इग्रा ही रक्तचाचणी या दोन्ही जंतूला शोधतच नाहीत. शरीराला त्याची ओळख आहे का, एवढेच त्या विचारतात. मॅन्टूमध्ये त्वचेत ट्युबरक्युलिन (जंतूच्या प्रथिनांचा अर्क) टोचून ४८ ते ७२ तासांनी तिथला टणकपणा मिलिमीटरमध्ये मोजतात. लाली मोजायची नसते, आणि चूक सर्वाधिक होते ती इथेच. लहानपणी घेतलेल्या बीसीजी लसीमुळेही मॅन्टू उमटू शकते, इग्रा त्या लसीने फसत नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे आणि त्यांपैकी ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यभरात रोग होतो. तेव्हा ओळख पटली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही.

जंतू डोळ्यात कसा पोचतो

बहुतेक वेळा रक्तातून. दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) मागे रक्तवाहिन्यांचा एक दाट थर असतो, त्याला रंजितपटल म्हणतात. त्यातून रक्त भरपूर वाहते, म्हणून जंतू अडकण्याची शक्यताही तिथेच सर्वाधिक. दृष्टिपटलाच्या रंगद्रव्य-पेशी जंतूंना गिळून स्वतःत साठवतात, असे ऊतीच्या तपासणीत आढळले आहे. फुप्फुसात काहीच नसताना डोळा पुन्हा पुन्हा का पेटतो, याचा एक खुलासा त्यातून मिळतो. दुसरी वाट प्रतिकारशक्तीची. जंतू शरीरात दुसरीकडेच असतो, पण त्याच्या प्रथिनांविरुद्ध उठलेली प्रतिक्रिया डोळ्यात दाह निर्माण करते. पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कॉर्नियाच्या) कडेला येणारी छोटी पुळी (फ्लिक्टेन्यूल) या वाटेने येते. लहान मुलांत ती अधिक दिसते, उजेड सहन होत नाही आणि डोळ्यातून पाणी वाहते.

नेत्रांतदर्शक यंत्र १८५१ मध्ये आले आणि चारच वर्षांनी नेत्रतज्ज्ञ येगर यांनी जिवंत रुग्णाच्या रंजितपटलावरील क्षयाच्या गाठींचे वर्णन केले. जंतूचा शोध लागायला तेव्हा अजून सत्तावीस वर्षे होती. या गाठी म्हणजे धूसर कडांचे, भुरकट-पिवळसर छोटे डाग. रक्तातून सर्वांगात पसरलेल्या क्षयात आणि मेंदूच्या आवरणाच्या क्षयात त्या दिसतात. बेशुद्ध मुलाच्या पाठीच्या कण्यातले पाणी तपासूनही उत्तर मिळत नसेल, तेव्हा बाहुली मोठी करून पाहिलेला डोळ्याचा मागचा पडदा निदान देऊन जातो. ही तपासणी खाटेशेजारी काही मिनिटांत होते, तरी घाईत तीच राहून जाते. मेंदूच्या क्षयात कवटीतला दाब वाढून दृष्टीच्या नसेचे टोक सुजते, आणि डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस लुळी पडून एकाच्या दोन प्रतिमा दिसू लागतात.

नेत्रतज्ज्ञाकडे येणारा नेहमीचा रुग्ण मात्र असा अत्यवस्थ नसतो. तो चालत येतो, खोकला नसतो, वजन घटलेले नसते, छातीचा एक्स-रेही पुष्कळदा स्वच्छ असतो. तक्रार एवढीच की अंधूक दिसते, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात किंवा डोळा लाल होऊन दुखतो. तपासताना युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह, आढळतो. पारपटलाच्या आतल्या बाजूला चरबीच्या थेंबांसारखे ठिपके, परितारिकेवर (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर) बारीक गाठी, परितारिका आतल्या भिंगाला रुंद पट्ट्यांत चिकटलेली, दृष्टिपटलाच्या शिरांना सूज, किंवा कडेने सरपटत पसरणारा रंजितपटलाचा दाह. या शेवटच्या प्रकाराचे डाग एका बाजूने बरे होत दुसऱ्या बाजूने नागमोडी पुढे सरकतात, आणि ते नजरेच्या मध्यबिंदूकडे वळले की दिवस मोजून उपचार करावे लागतात.

ईल्सचा रोग या यादीत थोडा वेगळा. बर्मिंगहॅमचे हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये तरुण पुरुषांच्या डोळ्यात वारंवार होणारा रक्तस्राव नोंदवला आणि त्याचा संबंध बद्धकोष्ठ व नाकातून येणाऱ्या रक्ताशी जोडला. क्षयाचे नाव त्यात नंतर आले. पुढे अशा काही डोळ्यांतल्या द्रवात जंतूचा डीएनए सापडला, तरी प्रत्येक ईल्स रुग्ण क्षयाचा आहे असे कोणी ठामपणे म्हणत नाही.

पापणी, अश्रुग्रंथी, खोबण आणि श्वेतपटल (डोळ्याचा पांढरा भाग) यांनाही क्षय होतो, पण तो विरळा. तिथे तुकडा काढून तपासणे शक्य असल्याने निदान त्या मानाने सोपे जाते.

डोळ्यातला पुरावा

डोळ्याच्या आतला तुकडा काढणे म्हणजे नजरच पणाला लावणे. बारीक सुईने पुढच्या कप्प्यातले पाणी घेता येते, पण ते मिलिलिटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढे, आणि त्यात जंतू मोजकेच. कल्चर बहुधा कोरे येते. जंतूचा डीएनए शोधणारा पीसीआर सकारात्मक आला तर वजनदार पुरावा, नकारात्मक आला तर त्यातून काही ठरत नाही.

म्हणून बहुतेक रुग्णांना ‘क्षयाची शक्यता असलेला दाह’ असेच नाव मिळते, आणि ते चार गोष्टी जुळवून दिले जाते : डोळ्यातल्या खुणा क्षयाला साजेशा आहेत, मॅन्टू किंवा इग्रा सकारात्मक आहे, छातीच्या सीटी स्कॅनमध्ये जुन्या किंवा नव्या क्षयाची खूण आहे, आणि तसाच दाह करणारे सिफिलिस (एक लैंगिक संसर्ग) व सारकॉइडोसिस (जंतूविना अंगात गाठी करणारा रोग) वगळले आहेत. यांतली चौथी पायरी गाळणे सर्वांत महाग पडते. सिफिलिसची रक्तचाचणी साधी आहे, त्याचे औषध वेगळे आहे, आणि सहा महिने चुकीच्या गोळ्या खाणाऱ्याचा डोळा तोवर थांबत नाही.

औषध सुरू करून फरक पडतो का पाहायचे, ही जुनी पद्धत अजून चालू आहे. तिचा दुबळेपणा असा की सोबत दाह शमवणारे स्टेरॉइड दिले असेल तर सुधारणा कशाने झाली ते सांगता येत नाही.

उपचार

औषधे फुप्फुसाच्या क्षयाचीच. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल, नंतर किमान चार महिने आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन. डोळ्याच्या आतल्या क्षयात पुष्कळ तज्ज्ञ हा काळ नऊ महिन्यांपर्यंत नेतात. चार औषधे एकदम देण्यामागे साधा हिशेब आहे : एका औषधाला न जुमानणारे थोडे जंतू प्रत्येक मोठ्या साठ्यात असतातच, पण चारही औषधांतून निसटणारा जंतू असण्याची शक्यता नगण्य. गोळ्या मध्येच सोडल्या की हा हिशेब कोलमडतो. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयासाठी २०२२ पासून बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा सहा महिन्यांचा उपचार सुचवला जातो.

डोळ्यात जंतूपेक्षा दाहच अधिक नासाडी करतो, त्यामुळे स्टेरॉइड जवळजवळ नेहमी लागते. क्षयाच्या औषधांच्या आवरणाशिवाय एकटे स्टेरॉइड दिले तर काही दिवस डोळा निवळतो, मग रोग दुप्पट जोमाने परततो. इथे आणखी एक मेख आहे. रिफॅम्पिसिनमुळे यकृत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लवकर मोडून टाकते, म्हणून नेहमीची मात्रा अपुरी ठरू शकते. औषधे सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डाग वाढलेले दिसले तर गडबडून औषध बदलायचे नसते. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर उसळते त्याची ती खूण असते, आणि स्टेरॉइड वाढवून ती शमते. दीर्घ युव्हिआयटिसमध्ये अ‍ॅडालिम्युमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध द्यायचे असेल तर आधी सुप्त क्षय तपासणे भागच आहे, कारण ते औषध दबलेल्या जंतूला मोकळे करते.

मागे राहिलेल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डोळा किमान तीन महिने शांत राहिल्यानंतरच करतात. ईल्सच्या रोगात रक्त न पोचणाऱ्या भागावर लेझर, आणि न विरघळणारे रक्त काढायला व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढण्याची शस्त्रक्रिया.

औषधांचा डोळ्यावरील भार

क्षय डोळ्यात नसला तरी उपचार डोळ्यापर्यंत पोचतो. इथॅम्ब्युटॉल दृष्टीच्या नसेला इजा करू शकते, आणि हे मात्रेवर ठरते. दिवसाला वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम या नेहमीच्या मात्रेला धोका सुमारे एक टक्का, २५ मिलिग्रॅमला पाच-सहा टक्के. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड दुबळे असलेल्यांत साधी मात्राही साचत जाते. त्रास बहुधा दोन महिन्यांनंतर सुरू होतो. दोन्ही डोळ्यांनी मधोमध अंधूक दिसते, लाल आणि हिरवा फिकट होतात, दुखत मात्र नाही. सुरुवातीला मागचा पडदा तपासला तरी तो निरोगी दिसतो, त्यामुळे रुग्णाची तक्रार हाच पहिला पुरावा. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीच नजर आणि इशिहारा तक्त्यांवर रंगज्ञान तपासून नोंदवून ठेवायचे. शंका येताच गोळी बंद. पुष्कळांची नजर काही महिन्यांत परत येते, काहींची येत नाही. लहान मूल रंगाची तक्रार सांगू शकत नाही, त्यामुळे तिथे मात्रेचा काटेकोरपणा आणि आईवडिलांची नजर यांवर भिस्त ठेवावी लागते.

लिनेझोलिड महिन्याहून अधिक काळ घेतल्यास हीच नस धोक्यात येते, शिवाय हातापायांना मुंग्या येतात. आयसोनियाझिडने नजर जाणे दुर्मीळ. त्याच्याबरोबर पायरिडॉक्सिन (बी-६) देतात ते मुख्यतः हातापायांच्या नसांसाठी. रिफॅब्युटिनची तऱ्हा विचित्र आहे : क्षयाविरुद्धचे हे औषध स्वतःच युव्हिआयटिस घडवू शकते. रिफॅम्पिसिनने लघवी, घाम आणि अश्रू केशरी होतात. ते निरुपद्रवी आहे, पण मऊ कॉन्टॅक्ट लेन्सवर चढलेला तो रंग उतरत नाही, म्हणून उपचार संपेपर्यंत चष्मा वापरायला सांगतात.