ध्वनिक्षेपकाचा संरोध

अँप्लिफायरकडून येणाऱ्या प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, प्रवाहाला ध्वनिक्षेपक, म्हणजे स्पीकर, जो एकूण विरोध करतो त्याला त्याचा संरोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. चल कॉइलच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी असलेल्या, स्पीकरमध्ये शंकूला (हवा हलवून आवाज काढणाऱ्या पडद्याला) ढकलणारे बल कॉइलमधील प्रवाहाच्या प्रमाणात असते. परंतु बहुतेक ट्रान्झिस्टर अँप्लिफायर फक्त व्होल्टेज ठरवून देतात आणि त्या व्होल्टेजला किती प्रवाह वाहील हे संरोधावर अवलंबून राहते. गेओर्क झिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार ८ ओहमच्या स्पीकरला ४ व्होल्ट दिल्यास अर्धा अँपिअर प्रवाह वाहून २ वॉट शक्ती खर्च होते, तर ४ ओहमच्या स्पीकरमधून तेवढ्याच व्होल्टेजला १ अँपिअर वाहतो व ४ वॉट लागतात. ओहमचा आकडा लहान असणे ही स्पीकरची ताकद नसून अँप्लिफायरवरचा वाढीव भार आहे. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की हा भार २ ओहमवर येतो, आणि त्यासाठी न बनवलेल्या अँप्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात.

स्पीकरवर छापलेला ८ ओहम हा आकडा नाममात्र, म्हणजे ओळखीपुरता ठोकळ, असतो. मल्टीमीटर साधारण ६ ओहम दाखवतो, कारण तो केवळ तारेचा एकदिश रोध, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध, मोजतो. शंकूच्या नैसर्गिक कंप्रतेला (ज्या कंपनगतीने तो सर्वांत सहज हलतो तिला) मात्र चुंबकीय क्षेत्रात वेगाने हलणारी कॉइल स्वतःच विरुद्ध दिशेचे व्होल्टेज निर्माण करते, त्यामुळे प्रवाह घटतो आणि संरोध कित्येकदा ३० ओहमच्याही वर जातो. पुढे तो उतरतो आणि उच्च कंप्रतांना कॉइलच्या प्रवर्तकतेमुळे, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याच्या गुणामुळे, पुन्हा चढतो. याशिवाय तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले की तांब्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. दीर्घकाळ मोठ्याने वाजणाऱ्या स्पीकरचा आवाज यामुळेच उतरतो, आणि तो भरून काढायला व्हॉल्यूम वाढवणे कॉइलच्या जिवावर बेतते.

लांब वायरीचा रोधही या हिशेबात धरावा लागतो. जाण्यायेण्याच्या वायरीचा रोध २ ओहम असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरला ८० टक्केच व्होल्टेज आणि त्यामुळे अवघी ६४ टक्के शक्ती मिळते. म्हणूनच सभा आणि रेल्वे स्थानकांसाठी १०० व्होल्ट लाइन वापरतात, म्हणजे व्होल्टेज वाढवून तीच शक्ती कमी प्रवाहाने पाठवतात. तिच्यावर ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज पुन्हा कमी करणारे उपकरण) लावलेला १० वॉटचा कर्णा १००० ओहमचा भार ठरतो, केवळ ०.१ अँपिअर घेतो आणि त्याच वायरीत ०.०२ वॉट इतकीच शक्ती वाया जाते. अशा लाइनवर ओहम मोजत बसावे लागत नाही. कर्ण्यांच्या वॉटची बेरीज अँप्लिफायरच्या क्षमतेच्या आत ठेवली की पुरते.