शहरी बेघरांचे पुनर्वसन

फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या आवारात दिवस काढणाऱ्या माणसाला राहायची जागा, ओळखीचे कागद आणि भरवशाचे काम मिळवून देऊन त्याचा संसार पुन्हा उभा करण्याच्या प्रयत्नांना शहरी बेघरांचे पुनर्वसन म्हणतात. सरकारी योजनांत यासाठी ‘निवारा’ हा शब्द रुळला आहे. निवारा ही मात्र सुरुवात. रात्रीच्या पथारीपासून स्वतःच्या नावाच्या भाडेकरारापर्यंतची सगळी वाट या कामात येते, आणि आपल्याकडच्या बहुतेक योजना त्या वाटेच्या पहिल्याच मुक्कामाला थांबल्या आहेत. या नोंदीत मुख्यतः भारतातला, त्यातही मुंबईतला अनुभव घेतला आहे.

बेघर कोण

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपांत, फलाटांवर, देवळांच्या मंडपांत राहणाऱ्यांना त्यात धरले होते. देशभरात सुमारे १७.७ लाख माणसे बेघर आढळली, त्यांपैकी ९.४ लाख शहरांत होती. उत्तर प्रदेशाखालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक लागला, सुमारे २.१ लाख. बृहन्मुंबईत ५७ हजारांच्या आसपास नोंद झाली. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे आकडे कमी वाटतात, आणि त्याला कारण आहे. रातपाळीला गेलेला हमाल त्या रात्री जागेवर सापडत नाही. एकटी बाई अंधार पडला की दिसणार नाही अशा ठिकाणी आडवी होते. पोलिसांच्या काठीची सवय झालेला माणूस वही घेऊन आलेल्या सरकारी माणसाला पाहून उठून चालू लागतो.

बेघर म्हणजे रिकामटेकडा किंवा भिकारी, हा समज खोटा आहे, आणि या विषयातल्या निम्म्या चुका त्यातूनच होतात. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, लग्नाच्या हॉलमधला वाढपी, वरातीत डोक्यावर दिवे धरणारा, भंगार वेचणारी, हातगाडी ओढणारा, फुलांच्या बाजारात पहाटे गजरे ओवणारी, ही सगळी कामकरी माणसे आहेत. त्यांच्या हाताला काम असते. त्या कामातून खोलीचे डिपॉझिट कधी साचत नाही, एवढेच. कोणी गावाकडच्या दुष्काळाने आलेला असतो, कोणी कर्जाने, कोणी नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून. मुंबईत आणखी एक गट आहे: कर्करोगावर उपचार घ्यायला परगावाहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. परळच्या रुग्णालयांबाहेरच्या फुटपाथवर त्यांचे महिनेच्या महिने जातात. गावी त्यांचे घर असते, शेती असते. इथे मात्र ते बेघरच.

जुनी रूपे

ही कल्पना आपल्याकडे सरकारी योजनांच्या कितीतरी आधीची आहे. गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ आणि ‘बेकारांना रोजगार’ ही दोन्ही सूत्रे आहेत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही गरीब रुग्ण आणि त्यांच्यासोबतची माणसे उतरतात.

दुसरे उदाहरण गोव्याचे. मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्यातल्या गावांनी आपापले ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांसाठीची सामायिक वसतिगृहे, चालवले. बोटीवर नोकरीला जाणारा गावकरी नाममात्र पैसे भरून तिथे राही. बोट लागली की पेटी तिथेच ठेवून जाई, परत आला की त्याच पेटीशेजारी अंथरूण टाकी. नव्या मुलाला कुठल्या कंपनीत भरती चालू आहे ते तिथेच कळे. गिरणगावात कोकणातल्या गावकऱ्यांनी धरलेल्या सामायिक खोल्यांचेही असेच होते: पाळी संपवून आलेला झोपायचा, पाळीला निघालेला उठायचा, आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लावून द्यायला गाववालाच असायचा. जागा आणि काम एकाच दारातून मिळत होते. आजच्या योजनांत नेमके तेच दोन वेगळ्या खात्यांत वाटले गेले आहे.

कायदा आणि योजना

१९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायची मोहीम निघाली, तिला आव्हान मिळाले, आणि १० जुलै १९८५ रोजी पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचे काम जवळ असते, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही फुटपाथ अडवायचा हक्क कोणाला नाही, असे सांगून झोपड्या हटवायला परवानगी दिली. पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, तेवढे थांबायला सांगितले.

निवाऱ्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो २०१० च्या जानेवारीत, दिल्लीच्या थंडीत. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेले आयुक्त एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर यांनी रस्त्यावर माणसे गारठून मरत असल्याचे न्यायालयाला कळवले. त्यातून आदेश निघाले: मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा हवा, आणि तो वर्षभर, चोवीस तास उघडा हवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हे निकष आले. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय आणि शिधापत्रिका, अंगणवाडी, दवाखाना यांच्याशी जोडणी असे त्याचे स्वरूप ठरले. २०११ च्या लोकसंख्येवर हिशोब मांडला तर मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. शहर त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचलेले नाही. जागा नाही, हे नेहमीचे उत्तर. शिवाय शेजारच्या सोसायट्यांचा विरोध होतो, आणि जागा मिळते ती नाक्यापासून, बाजारापासून इतकी दूर की तिथे झोपायला गेलेल्याची पहाटेची मजुरी बुडते.

या सगळ्याला छेद देणारा एक जुना कायदा महाराष्ट्रात अजून आहे: १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो, एवढ्यावरूनही त्यात माणसाला भिकारी ठरवता येते, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती यातली बरीच कलमे घटनाबाह्य ठरवली. एका हाताने निवारा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने पकडायचे, असे असेल तर निवाऱ्याची गाडी आली तरी माणूस पळणारच.

गाठोडे आणि पत्ता

फुटपाथवरच्या बाईचे गाठोडे उघडून पाहिले तर चादर, एखादे पातेले, मुलाचे दप्तर आणि अगदी आत, पिशवीत पिशवी गुंडाळून ठेवलेले कागद निघतात. कामावर जाताना ते ठेवायचे कुठे? झाडाच्या बेचक्यात, दुकानाच्या फळीखाली, ओळखीच्या पानवाल्याकडे. पालिकेची गाडी आली की गाठोडे जाते आणि त्यासोबत आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला, दवाखान्याचा केसपेपर, सगळे जाते. पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून चांगल्या निवाऱ्याची ओळख खाटांपेक्षा कुलपाच्या कपाटावरून करावी. स्वतःची किल्ली हातात आली की माणूस दिवसभराच्या कामाला निर्धास्त जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. बँक खाते, शिधा, गॅस, शाळा, नोकरी, सगळीकडे पहिला रकाना पत्त्याचा. सुरक्षारक्षकाच्या नोकरीत माणसाची जरूर असते, पण पोलीस पडताळणीत पत्ता विचारला जातो आणि उमेदवार तिथेच गळतो. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दाखला दिला तर आधारसाठी तो चालतो. पुनर्वसनात या एका कागदाइतके मोल फार थोड्या गोष्टींना आहे. मतदार नोंदणीचा नियमही लक्षात घेण्याजोगा आहे: बेघर माणसाकडे राहण्याचा पुरावा मागितला जात नाही, तो सांगतो त्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का, ते पाहायचे असते. राज्यव्यवस्थेने माणसाच्या दारी जायचे, मग ते दार नसले तरी, ही या नियमातली दृष्टी इतर खात्यांनी उचलायला हवी.

काम आणि प्रशिक्षण

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात कौशल्य प्रशिक्षणाचा वेगळा घटक होता: शिवणकाम, वाहन चालवणे, रुग्णसेवा, स्वयंपाक, साफसफाई, इलेक्ट्रिशियनचे काम. अडचण वेळेची येते. वर्ग दिवसा, काही महिन्यांचे. रोज कमावून रोज खाणाऱ्याला एका दिवसाचा खाडा म्हणजे त्या रात्रीचे जेवण नाही. त्यामुळे विद्यावेतन किंवा निदान दोन वेळचे जेवण आणि पथारी यांची हमी नसेल तर पहिल्या आठवड्यातच वर्ग ओस पडतो, आणि ‘या लोकांना शिकायचेच नसते’ असा शेरा मात्र कायमचा बसतो.

जे जमते ते असे: काम करता करता शिकवणे, संध्याकाळचे वर्ग, आणि येत असलेल्या कामाला कागदाची जोड. वीस वर्षे लग्नाच्या पंगती सांभाळलेल्या वाढप्याला स्वयंपाकघराचे काम नव्याने शिकवायची गरज नसते; त्याला प्रमाणपत्र हवे असते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अशा पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे. स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आणि २०२० साली दहा हजारांपासून सुरू झालेले स्वनिधी कर्ज आहे. तिथेही विक्रेत्याचे ओळखपत्र किंवा पालिकेचे शिफारसपत्र लागतेच. नोकरी लागल्यावरचे पहिले दोन-तीन महिने सर्वांत नाजूक असतात. पगार महिनाअखेरीला मिळतो, तोवर खायचे काय? नाक्यावर संध्याकाळी रोख मिळत होते. या कळीच्या दिवसांत आठवड्याला उचल द्यायला मालकाला तयार करणारा संस्थेचा कार्यकर्ता प्रशिक्षकाइतकाच मोलाचा ठरतो.

मन हरवलेली माणसे

रस्त्यावरच्या काहींना मानसिक आजार असतो आणि त्यांना घर आठवत नाही किंवा सांगता येत नाही. डॉ. भरत वाटवानी यांची १९८८ साली सुरू झालेली श्रद्धा पुनर्वसन संस्था कर्जतच्या केंद्रात अशा रुग्णांवर उपचार करते. औषधाने माणूस भानावर येतो, गावाचे नाव सांगतो, आणि कार्यकर्ते त्याला घेऊन रेल्वेने थेट त्याच्या घरी पोहोचवतात. या कामासाठी वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना परत जायला घर नाही, त्यांच्यासाठी चेन्नईच्या बनियन संस्थेने वेगळी वाट धरली: चार-पाच जणींनी नेहमीच्या वस्तीत भाड्याचे घर घेऊन एकत्र राहायचे, आणि मदतनीस सोबत असायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. पण अशी घरे अजून मोजकीच.

घर

निवाऱ्यातून पुढे कुठे, हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न. फिनलंडने २००८ पासून उलट क्रम लावला: आधी घर, भाडेकरारासह, मग व्यसनमुक्ती, उपचार, नोकरी. हेलसिंकीतले साल्व्हेशन आर्मीचे मोठे वसतिगृह मोडून तिथे ८० स्वतंत्र घरे केली गेली. १९८७ मध्ये त्या देशात १८ हजारांच्या आसपास बेघर होते. २०२३ मध्ये ते साडेतीन हजारांच्या खाली आले. तो देश लहान आणि श्रीमंत आहे, हे खरे. पण माणसाने आधी लायक व्हावे आणि मग घर मिळवावे, ही अट काढून टाकणे हा पैशांपेक्षा दृष्टीचा प्रश्न होता.

मुंबईत याचे उत्तर फुटपाथवरच्या बायकांनी स्वतः शोधले होते. १९८४ साली भायखळ्यात सुरू झालेल्या स्पार्क संस्थेने पुढच्या वर्षी तिथल्या फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली, आणि त्यातून महिला मिलन ही या बायकांची बचत संघटना उभी राहिली. रोज जमेल तेवढी बचत गोळा करायची, आणि सोबत घर कसे असावे ते ठरवायचे. चौदा फूट उंचीची खोली, आत पोटमाळा, म्हणजे त्याच जमिनीत झोपायला वरची जागा: हा आराखडा त्यांनी काढला आणि भायखळ्यात प्रदर्शनात मांडला. १९९५ पूर्वीच्या फुटपाथवासीयांना पुनर्वसन योजनेत स्थान मिळाल्यावर त्यांतली कुटुंबे मानखुर्दच्या मिलन नगरात आली. दाराला कडी, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर पत्ता.

धुणीभांडी, बाजार, हमाली मात्र जुन्या वस्तीतच राहिली, आणि लोकलचा पास हा घरखर्चातला नवा रकाना झाला. म्हणूनच या क्षेत्रातली जाणती माणसे नवी जागा सुचवली गेली की क्षेत्रफळ नंतर विचारतात. आधी विचारतात, इथून कामावर पोहोचायला किती वेळ लागतो, आणि पहिली गाडी किती वाजता आहे.