ग्लासातलं ढेकूळ आणि गव्हाचा उतारा

काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरून घ्या. एकात बांधावरच्या गवताखालचं वाळलेलं ढेकूळ सोडा. दुसऱ्यात गव्हाच्या रानातलं सोडा, जिथं दरवर्षी नांगरट, कुळवणी आणि वर रोटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं अवजार, फिरतो. वाळवा तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात मी हे करून पाहिलं. रानातलं ढेकूळ पाच मिनिटांत विरलं आणि तळाला गाळ होऊन बसलं. बांधावरचं अर्ध्या तासानंतरही शाबूत, पाणी जवळजवळ नितळ. माती तीच, अंतर चार पावलांचं.

फरक पडतो डिंकामुळे. मुळांतून पाझरणारे चिकट पदार्थ, बुरशीचे धागे, गांडुळांची विष्ठा यांनी मातीचे कण बांधले जातात, त्यांच्या रवाळ गाठी होतात आणि मधल्या पोकळ्यांत पाणी नि हवा राहते. रोटर त्या गाठी फोडतो. आत दडलेल्या सेंद्रिय कर्बाला हवा लागते, जिवाणू तो फस्त करतात आणि त्यातून नत्र मोकळं होतं. म्हणून मशागत केलेलं पीक सुरुवातीला काळंशार दिसतं. शेतकऱ्याचा हा अनुभव खराच आहे. पण ते नत्र मातीच्या शिलकीतून आलेलं असतं, आणि शिलक वर्षागणिक घटते. शिवाय रोटरचं काम वरच्या चार-पाच इंचांतच चालतं. त्याखाली माती दाबून घट्ट थर होतो. मोकळ्या जमिनीत मीटरभर खोल जाणारं गव्हाचं मूळ तिथं अडतं आणि आडवं वळतं. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दाणा भरताना खालचा ओलावा त्याला मिळत नाही.

मग नांगरट सोडूनच द्यावी? इथं घाई नको. मेक्सिकोत एल बातान इथं सिमिट या गहू-मका संशोधन संस्थेनं १९९१ पासून नांगरलेले आणि न नांगरलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवले. न नांगरता, कापणीनंतरचं काड रानातच राखून, मक्याशी फेरपालट केली तिथं गहू चांगला आणि भरवशाचा आला. न नांगरता काड मात्र उचलून नेलं, तिथं उतारा, म्हणजे उत्पादन, नांगरलेल्या रानाच्याही खाली गेला. उघड्या मातीवर पापडी धरते, पाणी मुरत नाही. २०१५ साली ६३ देशांतले ६१० अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही हेच दिसलं. नांगरट बंद केलेल्या सगळ्या रानांचा हिशेब धरला तर पिकांचा उतारा सरासरी ५.७ टक्क्यांनी घटला. कोरड्या हवामानातल्या जिरायतीत मात्र काड आणि फेरपालटीची जोड मिळाल्यावर तो ७.३ टक्क्यांनी वाढला.

उत्तर भारतात भातानंतर न नांगरता गहू पेरला की पेरणी लवकर होते, हा मोठा लाभ आहे. आपल्याकडे सोयाबीन ऑक्टोबरातच निघतं, त्यामुळे तो लाभ इथं धरू नये. आपला लाभ रानात राखलेल्या काडाच्या आच्छादनाचा, आणि तेच आपण मळणीनंतर काडी लावून जाळतो. याचं मला फार वाईट वाटतं. माण, जत या दुष्काळी तालुक्यांकडची अडचण वेगळी. आच्छादनाची गरज तिथं सगळ्यांत जास्त, पण तिथला कडबा जनावरांच्या दावणीला हवा असतो. तो रानात सोडा असं मी कुणाला सांगू शकत नाही.

यंदा आम्ही दहा गुंठे न नांगरता ठेवले आणि सोयाबीनचं भुसकट पसरलं. ते कुजताना जिवाणू नत्र ओढून घेतात, म्हणून पेरणीबरोबर युरिया थोडा वाढवला. वाफसा आल्यावर पेरणीची पाभर धरली, तर भुसकट फणांत अडकायला लागलं. दर दहा-बारा पावलांवर थांबून ते हातानं काढत पेरणी पुरी केली.